मध्ये उभे केलेले मूल

(कुटुंब-अभ्यास. वाचनासाठी शास्त्रभाग: उत्पत्ति २५:१९-३४, २६:३४-३५, २७:१ ते २८:५)

आपल्या घरांतली एक तक्रार फार जुनी आहे. बाप म्हणतो, "तूच त्याला लाडावून ठेवलेस." आई म्हणते, "तुमच्या धाकाने पोर घरात बोलेनासे झाले." दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे असते, आणि म्हणूनच ही तक्रार वर्षानुवर्षे मिटत नाही. मग पाळकसाहेबांना किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारले जाते: "तुम्हीच सांगा, आमच्यापैकी बरोबर कोण?"

या अभ्यासात आम्ही या प्रश्नाचा निकाल देणार नाही. हा प्रश्न मुलाच्या फारसा उपयोगाचा नाही, असे आम्हांस वाटते. आईबाप दोन वेगळ्या घरांत वाढलेले असतात. त्यांच्या वळण लावण्याच्या रीती भिन्न असणारच, आणि तेवढ्याने कोणाचे मूल बिघडत नाही. मूल बिघडते किंवा खचते ते, त्या भिन्नतेचा झगडा त्याच्या अंगावरून चालविला जातो तेव्हा. हेच आज शास्त्रातील एका घरावरून, आणि गेल्या साठसत्तर वर्षांत कुटुंबांवर झालेल्या अभ्यासावरून पाहू या.

सुरतेतील आपले घर

प्रथम आपल्या अवतीभोवती पाहू. सुरतेत मराठी माणूस बहुतांशी खानदेशातून आला. जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंची कुटुंबे ताप्तीकाठच्या रेल्वेने इकडे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थायिक झाली. कोणी लूमवर लागले, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी कापडबाजारात. लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी सर्रास असते, आणि ती दिवसाची व रात्रीची अशी आलटून पालटून येते. घरात आई साड्यांना टिकल्या किंवा लेस लावण्याचे, धागे कापण्याचे काम घेऊन बसते. नगांवर मजुरी मिळते म्हणून मुलांनाही हाताशी घ्यावे लागते.

समजा, अशा घरात नववीत जाणारा एक मुलगा आहे. बाप रातपाळीहून येतो तेव्हा मुलगा शाळेला निघालेला असतो, आणि मुलगा परततो तेव्हा बाप झोपलेला असतो. बापाला मुलगा दिसतो तो सुटीच्या दिवशी. मग आठवडाभराची शिस्त तो त्या एका दिवसात लावू पाहतो. वही मागतो, मोबाइल काढून घेतो, प्रसंगी हात उचलतो. आईला उरलेले सहा दिवस त्याच मुलाच्या मदतीने घर चालवायचे असते. पाणी भरायला तोच, माल पोचवायला तोच. तिला तो दुखावलेला परवडत नाही. म्हणून ती मोबाइल परत देते, रिचार्जला पैसे देते आणि हळूच सांगते, "बाबांना सांगू नकोस."

या तीन शब्दांत मुलगा पुष्कळ शिकतो. घराला दोन दारे आहेत, आणि एक बंद झाले की दुसरे उघडे असते, हे त्याला कळते. आईचे गुपित आपल्या हाती आहे, हेही कळते. पुढे तो शाळा बुडवू लागतो. आईला ठाऊक असते. बापाला शाळेतून निरोप आल्यावर कळते. घरात मोठा तंटा होतो, पण तो मुलाच्या शाळेविषयी न राहता "तू लपवलेस" आणि "तुम्ही मारता म्हणून लपवले" यावर येतो. मुलगा बाजूला उभा राहून ऐकतो. त्याच्या शाळेविषयी त्या रात्री कोणीच बोलत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. म्हणजे आठवी-नववीच्या सुमारास कायद्याचा हात सुटतो. बालमजुरीच्या कायद्यातही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवण्यास मनाई आहे (घरच्या कामधंद्यात शाळेनंतर मदत करण्यापुरती सूट आहे). चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मात्र केवळ धोक्याच्या कामांपुरती बंदी आहे. ज्या वयात बाजारात पार्सल उचलण्याची वाट मोकळी होते, त्याच वयात शाळेत टिकणे हे सर्वस्वी घरावर येऊन पडते. तेव्हा आईबापांचे एकमत ही नुसती घरातल्या शांतीची बाब राहत नाही. मुलाचे शिक्षण त्यावर अवलंबून असते.

इसहाकाच्या तंबूत

आता शास्त्रभागाकडे वळू. इसहाक व रिबका यांना वीस वर्षे मूल नव्हते; मग जुळे मुलगे झाले. एसाव रानात रमणारा, याकोब तंबूत राहणारा. शास्त्र एकाच वचनात सांगते की बापाची प्रीती एसावावर होती आणि आईची याकोबावर. बापाच्या प्रीतीचे कारणही दिले आहे: मुलाने आणलेली शिकार त्याला आवडे. मुलांच्या जन्मापूर्वी रिबकेला देवाकडून त्यांच्याविषयी जे कळले होते, ते तिने नवऱ्याला सांगितले असे कोठेही लिहिलेले नाही.

सत्ताविसावा अध्याय काळजीपूर्वक वाचावा. घरात माणसे चार, पण प्रत्येक प्रसंगात दोघेच बोलताना दिसतात. इसहाक एसावाशी बोलतो, तेव्हा रिबका ऐकत असते. मग रिबका याकोबाशी बोलते. मग याकोब बापापुढे उभा राहतो, हातांवर करडांची कातडी बांधून. मग एसाव येतो आणि हंबरडा फोडतो. चौघे एकत्र बसून बोलले असा प्रसंग नाही.

नवराबायको एकमेकांशी बोलतात ते अध्यायाच्या अगदी शेवटी. तेथेही रिबका खरे कारण सांगत नाही. एसाव याकोबाच्या जिवावर उठला आहे, हे ती इसहाकाला कळवीत नाही; हेथी सुनांचा आपल्याला वीट आला आहे, एवढेच बोलते. या सुनांविषयी दोघांचेही मन कष्टी होते, असे सव्विसाव्या अध्यायात आलेच आहे. ज्या एका बाबतीत दोघांचे एकमत होते, तिच्या आडून तिने आपला मुलगा घराबाहेर काढला. बापाने त्याला निरोप दिला तो बायको शोधण्यासाठी. भावाच्या भीतीने तो पळत आहे, हे बापाला ठाऊक होते असे दिसत नाही.

थोडे दिवस लाबानाकडे जाऊन राहा, असे आईने सांगितले होते. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली. याकोब परत आला तेव्हा बाप जिवंत होता. आईची व त्याची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्र सांगत नाही.

या घरात प्रीतीची उणीव होती का? नाही. दोघांनीही मुलांवर मनापासून प्रीती केली. पण प्रत्येकाने एक मूल आपल्या बाजूला ओढले, आणि जे नवऱ्याशी बोलायचे ते रिबका मुलाकरवी घडवू लागली. याकोबाने आईच्या सांगण्यावरून बापाला फसविले. त्याची किंमत मात्र मुलांनी भरली.

वळण लावण्याच्या रीती

आईबापांच्या या रीतींचा पद्धतशीर अभ्यास अलीकडचा आहे. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लहान मुलांची व त्यांच्या आईबापांची पाहणी करून तीन रीती सांगितल्या. पहिली हुकमी: नियम कडक, कारण सांगायचे नाही, मुलाने उलट विचारायचे नाही. दुसरी सैल: माया भरपूर, पण नियम धरून ठेवायचा नाही. तिसरी खंबीर व मायाळू: नियम थोडे पण पक्के, त्यांचे कारण मुलाला सांगायचे, त्याचे म्हणणे ऐकायचे, आणि शेवटी निर्णय मोठ्यांनी घ्यायचा. पुढे १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी व जॉन मार्टिन यांनी चौथी रीत जोडली, ती दुर्लक्षाची: नियमही नाही आणि जवळीकही नाही. चारांपैकी तिसऱ्या रीतीत वाढलेली मुले अधिक स्वावलंबी व समतोल असतात असे त्या पाहण्यांत दिसले. ती पाहणी त्या देशातील घरांची होती, हे विसरू नये. तरी रीतींची ही ओळख आपल्याला उपयोगी पडते.

परंतु वाचकहो, येथे एक गोची आहे. पुष्कळ घरांत बाप पहिल्या रीतीचा आणि आई दुसऱ्या रीतीची असते, कधी याच्या उलट. आणि दोघे एकमेकांना अधिकच टोकाला ढकलतात. बाप जितका कडक, तितकी आई पदराआड घालते. आई जितकी पदराआड घालते, तितका बाप कडक होतो. आपण दोघे मिळून मध्यावर येतो, असे त्यांना वाटते. मुलाच्या वाट्याला मात्र सरासरी येत नाही. आज मार आणि उद्या लाड, असेच येते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली एक पाहणी येथे महत्त्वाची आहे. आईबाप विभक्त झालेल्या पाचशेहून अधिक किशोरवयीन मुलांशी ते बोलले. मुलगा दोन घरांत राहतो की एका, एवढ्याने फारसा फरक पडत नव्हता. ज्यांना आपण आईबापांच्या कात्रीत सापडलो आहोत असे वाटे, ती मुले अधिक खिन्न होती आणि वाईट वाटेलाही अधिक लागत होती. आईबाप भांडत पण मुलाच्या बाबतीत सहकार्य करीत, तेथे ही कात्री कमी जाणवे. एकमेकांचे निरोप मुलाकरवी पोचत, तेथे फार. आपली बहुतेक घरे विभक्त नाहीत. पण एका छपराखालीसुद्धा ही कात्री असू शकते, हे इसहाकाच्या घरावरून आपण पाहिलेच.

कुटुंबोपचार म्हणजे काय

मूल त्रास देऊ लागले की आपण मुलाला डॉक्टरकडे नेतो, त्याच्या हातून नवस फेडून घेतो, किंवा त्याला गावी आजोळी पाठवितो. कुटुंबोपचार करणारे म्हणतात, एकट्या मुलाला आणू नका; सगळे या. मुलाचे वागणे हे पुष्कळदा सबंध घराच्या दुखण्याचे एक टोक असते.

मरे बोवेन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ पासून काही वर्षे मनोरुग्णांबरोबर त्यांच्या घरच्या माणसांनाही रुग्णालयात ठेवून त्यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. त्यांनी 'त्रिकोणा'ची कल्पना मांडली. दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात. ताण तेवढ्यापुरता हलका होतो, पण तिसरा अडकतो. घरात हा तिसरा बहुधा मूल असते.

साल्वादोर मिनुचिन हे अर्जेंटिनात जन्मलेले डॉक्टर. त्यांनी न्यूयॉर्कमधील गरीब वस्तीतल्या, गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांच्या कुटुंबांबरोबर काम केले आणि १९७४ मध्ये या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. घरात आईबापांचा एक जोड असावा, आणि तो जोड व मुले यांच्यामध्ये सीमारेषा असावी, असे ते सांगतात. आपण तिला उंबरठा म्हणू. उंबरठ्यावरून मुलाला ये-जा करता येते, प्रेम मागता येते, तक्रार सांगता येते. पण आईबापांच्या मतभेदाचा न्यायाधीश, साक्षीदार किंवा जासूद म्हणून त्याला उंबरठ्याच्या आत बसवायचे नसते.

उपचारक प्रत्यक्षात काय करतो, ते साधे आहे. आईबापांच्या मध्ये मुलगा बसला असेल तर तो बसण्याच्या जागा बदलावयास सांगतो. बाप मुलाकडे पाहून "हिला विचार, हिनेच पैसे दिले" असे म्हणाला, तर उपचारक त्याला थांबवून म्हणतो, "हे आईलाच विचारा." मुलाने मध्ये पडून कोणाची बाजू घेतली, तर त्याला प्रेमाने सांगतो की हे मोठे दोघे पाहून घेतील. हे ऐकल्यावर पुष्कळ मुलांच्या खांद्यावरचे ओझे उतरते.

हे सर्व परदेशी आहे, असे कोणी समजू नये. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून रुग्णांजवळ राहू दिले, आणि उपचारात त्यांना सामील करून घेतले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे मानसिक आरोग्य केंद्र १९५७ साली सुरू झाले, तेथेही रुग्णाबरोबर नातलगाने राहण्याचा प्रघात पडला. माणूस बरा व्हायचा तर घराला बाहेर ठेवून चालत नाही, ही समज आपल्या देशात पूर्वीपासून आहे.

भिन्न स्वभावांचे एक मराठी घर

मतभेद म्हणजे घराचा नाश, असे मात्र नाही. रेव्ह. ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई यांचे घर आपल्या वाचकांना परिचित आहे. टिळक लहरी, तापट आणि हाताचे मोकळे. लक्ष्मीबाई व्यवहारी व संसार सांभाळणाऱ्या. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तर धर्माचीच भिंत मध्ये आली, आणि काही वर्षे लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू वेगळे राहिले. पुढे घर एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' मध्ये त्यांनी नवऱ्याशी झालेली भांडणे झाकून ठेवली नाहीत. हसतहसत सांगितली आहेत. त्या आठवणी प्रकाशात येण्यामागे मुलगा देवदत्त याचाच हातभार होता. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, तेव्हा त्यात चौसष्ट अध्यायांची भर लक्ष्मीबाईंनी घातली. स्वभाव दोन टोकांचे असूनही काम एक असू शकते, याला हे घर साक्ष आहे.

घरी काय करता येईल

१. मतभेद मुलामागे बोलावा, निर्णय मुलापुढे पाळावा. पाळी बदलते त्या दिवशी, मुले झोपल्यावर, अर्धा तास दोघांनी यासाठीच राखून ठेवावा. पंधरवड्यातून एवढा वेळ मिळणे कठीण नाही.

२. नियम तीनच ठरवावेत, पण दोघांचे असावेत. उदाहरणार्थ: शाळा बुडवायची नाही, रात्री अमुक वेळेनंतर मोबाइल नाही, खोटे बोलायचे नाही. बाकीच्या गोष्टींत आईची रीत आईजवळ, बापाची बापाजवळ राहू द्यावी. मुलांना एवढा फरक समजतो.

३. "बाबांना सांगू नकोस" आणि "आईला कळता कामा नये" हे शब्द घरातून काढून टाकावेत. एखादी गोष्ट सांगण्याजोगी नसेल, तर ती करण्याजोगी आहे का, याचा विचार करावा.

४. एकाने दिलेला निर्णय दुसऱ्याला पटला नाही, तरी तेथल्या तेथे मोडू नये. मारहाण होत असेल तेव्हा मात्र मूल बाजूला घ्यावेच. तेथे हा नियम लागू नाही.

५. भांडण मुलापुढे झालेच, तर ते मिटल्याचेही मुलाला दिसू द्यावे. मार्क कमिंग्ज या अभ्यासकाने अनेक वर्षे याचा शोध घेतला. मोठ्यांचे भांडण मिटलेले पाहिल्यावर मुलांची अस्वस्थता पुष्कळ कमी होते, असे त्यांना आढळले. आपण भांडतो सर्वांदेखत, आणि समेट करतो गुपचूप. हे उलटे आहे.

६. आजी-आजोबा, मामा, काका यांनी लाड जरूर करावेत. पण नियमाचा प्रश्न आला की "तुझ्या आईबापाला विचार" एवढेच म्हणावे.

जेथे मदत मागावीच लागेल

काही घरांत रीतीचा फरक नसून जुलूम असतो. जेथे दारू पिऊन मारहाण होते, जेथे आईला व मुलांना भीतीत राहावे लागते, तेथे "दोघांनी एकत्र बसून बोला" हा सल्ला देणे योग्य नाही. तेथे आधी सुरक्षितता पाहावी. गुजरातेत स्त्रियांसाठी १८१ (अभयम्) हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८. मन फार खचले असेल, मूल जेवत-झोपत नसेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. सुरतेत नव्या सिव्हिल रुग्णालयात व महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. तेथे जाण्यात कमीपणा नाही. ताप आला तर आपण जातोच.

मंडळीतील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. कोणी आईबाप "बरोबर कोण?" म्हणून आले, तर न्याय देण्याची घाई करू नये. दोघांना एकमेकांसमोर बसवावे, मुलाला बाहेर खेळायला पाठवावे, आणि एवढेच विचारावे: "त्याच्यासाठी तुम्हा दोघांना काय हवे आहे?" त्याने शिकावे, खोटे बोलू नये, माणसांत राहावे, हेच बहुधा दोघेही सांगतात. इसहाक व रिबका यांना हा प्रश्न कोणी विचारल्याचे शास्त्रात दिसत नाही.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

(घरोघरच्या प्रार्थनासभेत किंवा पतिपत्नींनी मिळून विचार करावा.)

१. सत्ताविसाव्या अध्यायात कोण कोणाशी बोलतो, याची यादी करा. कोणते दोघे बोलावयास हवे होते?

२. गेल्या महिन्यात आपण मुलाकरवी आपल्या जोडीदाराला कोणता निरोप धाडला? तो स्वतः सांगता आला असता का?

३. आपल्या घरासाठी तीन नियम कोणते? दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग ताडून पाहावे. जो नियम दोन्ही कागदांवर सापडेल, तेथून आरंभ करावा.